पुडीतल्या गोळ्या

आईचा चेहरा गोल झाला होता आणि गल्लीत जो तो म्हणत होता, "तब्येत सुधारली हो तुमची!" आई खूश होती. गुडघे दुखत नव्हते, भूक लागत होती, बाजारात एकटीनं जाऊन येता येत होतं. मग एका सकाळी बाथरूममध्ये पाय जरासा घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं.

मुलगी शहरात औषधांच्या एका मोठ्या दुकानात फार्मासिस्ट होती. लहानपणी तिला सगळे टाचणी म्हणायचे. अंगानं तशी, आणि बोलायलाही तशीच. ती धावतपळत इस्पितळात पोचली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "आई स्टेरॉइड कधीपासून घेतायत?"

"घेत नाहीत."

"मग हा सुजलेला चेहरा? दंडावरचे हे काळेनिळे डाग? हाडं आतून पोखरल्यासारखी झालीत त्यांची."

टाचणी घरी आली आणि तिनं आईचं कपाट उपसलं. साड्यांच्या घडीखाली कागदाच्या पुड्या निघाल्या. प्रत्येकीत एक पांढरी गोळी, एक पिवळी. त्यांच्यावर ना नाव, ना तारीख. तिचा दादा दारातच उभा होता. तो म्हणाला, "अगं, काकांकडच्या पुड्या त्या. अर्धं गाव घेतं."

काका म्हणजे गावातल्या एकुलत्या एक मेडिकलचे मालक. नात्यातले नव्हेत, पण सगळ्यांचेच काका. लहानपणी ताप आला की तिनं त्यांच्याच हातचं गोड औषध घेतलं होतं. ती तशीच पुडी घेऊन त्यांच्या काउंटरवर गेली.

"काका, यात काय आहे?"

"गुडघ्याचं औषध."

"नाव काय त्याचं?"

"नाव घेऊन काय करायचंय? आई चालत होती की नाही?"

"चालत होती. आता अंथरुणाला खिळलीय."

काका शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसले. "चार बुकं शिकली की पोरं आपल्यालाच शिकवायला येतात." गिऱ्हाईकही हसलं.

ते हसू तिच्या डोक्यात गेलं ते गेलंच. शहरात परत जाऊन तिनं नोकरी सोडली, सामान उचललं आणि गावी आली. घरातली रस्त्याकडची खोली आईची होती. तिची भिंत फोडून तिनं शटर बसवलं, परवाना काढला, इन्सुलिनसाठी फ्रीज घेतला. आईचा पलंग मागच्या खोलीत गेला. "हाड मोडलं ते मोडलं, आता खोलीतूनही काढा मला," आई म्हणाली.

आईशी तर रोजचीच लढाई. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पुडी एकदम तोडायची नाही. इतकी वर्षं ते औषध बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं. हळूहळू कमी करायचं. म्हणजे ज्या औषधानं आईचं वाटोळं केलं, तेच रोज सकाळी टाचणीनं स्वतःच्या हातानं तिला द्यायचं, दर थोड्या दिवसांनी थोडं कमी. दात-ओठ खातच ती पाण्याचा पेला पुढे करायची. गोळी कमी होत गेली तसे गुडघे पुन्हा बोलायला लागले. आई ओरडायची, "काकांच्या हाताला गुण होता. तू नुसती शिकलीस!"

दुकानाची फडताळं केली ती मिस्त्रींनी. गावातला जुना सुतार, कमी बोलणारा, लाकडावर हात फिरवून बघणारा. दुकान उघडलं. माणसं यायची, इकडंतिकडं बघायची आणि हळूच म्हणायची, "ती पुडी मिळेल का?" नाही म्हटलं की पायरी उतरायची. एकानं झोपेच्या गोळ्या मागितल्या. तिनं चिठ्ठी मागितली, तर तो म्हणाला, "काका तर मागत नाहीत." मागच्या खोलीतून आईचा आवाज यायचा, "आमच्याकडे फक्त उपदेश मिळतो हो, औषधाला तिकडेच जा!"

अशाच एका दुपारी, नुकतंच एका गिऱ्हाइकाशी कडाक्याचं वाजलेलं असताना, मिस्त्री एक फळी नीट बसवायला आले. काम करता करता म्हणाले, "ताई, माझीही चालू आहे ती पुडी. कंबर धरते म्हणून. घेऊ ना?"

"फेकून द्या!" ती शिडीवरून कडाडली. "आजच्या आज गटारात टाका!"

मिस्त्री साधा माणूस. शब्द खाली पडू न देणारा. त्यांनी घरी जाऊन खरंच सगळ्या पुड्या टाकल्या.

पुढच्याच आठवड्यात ते रंधा मारता मारता कोसळले. उलट्या, हातपाय गार, शुद्ध हरपलेली. टाचणी इस्पितळात पोचली तेव्हा त्यांची बायको बाकावर बसली होती. टाचणीला पाहताच ती ताडकन उठली.

"तुम्हीच म्हणालात ना, फेका म्हणून?"

घरात स्वतःच्या आईला टाचणी कणाकणानं औषध कमी करत होती, आणि परक्या माणसाला तिनं नुसता राग दिला होता. तिनं डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, आपण काय बोललो तेही. बाई म्हणाल्या, "सुई दिलीय मी. पण त्या पुडीत आणखी काय काय होतं ते कळायला हवं."

ती थेट काकांच्या दुकानात शिरली. संध्याकाळची गर्दी होती.

"मिस्त्री इस्पितळात आहेत. पुडीत कोणतं औषध, किती, ते सांगा. आत्ता."

काकांनी गर्दीकडे हात केला. "बघा! हिनंच त्यांची पुडी बंद करायला लावली. दोष कुणाचा?"

"माझा. मी इस्पितळात तसं सांगून आले. आता तुम्ही सांगा."

"मी काय सांगू?"

"काय होतं पुडीत?"

"मला काय माहीत!" काका खेकसले. "माणूस डबे आणून देतो. मी पुड्या बांधतो. त्यांच्यावर काही लिहिलेलं असतं थोडंच!"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. एक पेन्शनर मास्तर काउंटरला टेकून उभे होते. त्यांची पुडी हातात उघडीच राहिली. "तुम्हाला माहीत नाही?" ते म्हणाले. "मी माझ्या बायकोला देतो हो ही!"

काकांनी तोंड फिरवून फडताळातले डबे उगाच सरळ करायला घेतले. टाचणीला वाटलं, काउंटरवरून उडी मारून या माणसाची गचांडी धरावी. तिनं मास्तरांच्या हातातली पुडी मागून घेतली आणि ती इस्पितळात नेऊन दिली.

मिस्त्री वाचले. रंधा धरताना हात मात्र अजून थरथरतो. ते दुकानात येतात, बसतात. त्यांची बायको येत नाही. रस्त्यात समोर आली तरी टाचणीकडे बघत नाही, आणि टाचणीला ते बरोबरच वाटतं.

टाचणीनं तक्रार केली. तपासणीला माणसं आली, डबे घेऊन गेली, काकांच्या दुकानाला सील लागलं. गावातले निम्मे लोक म्हणाले, पोरीनं म्हाताऱ्याच्या पोटावर पाय दिला. आणि तेच लोक मुठीत पुडी दाबून तिच्या मागच्या दारानं येऊ लागले. आता ती ओरडत नाही. पहिलं वाक्य एकच, "एकदम बंद करू नका." मग डॉक्टरीणबाईंकडे धाडते. माणूस गेला की मात्र फडताळाचं दार असं आपटते की आतल्या बाटल्या वाजतात.

काही महिन्यांनी काकांचं सील निघालं. दंड भरला, सुटले. दादा त्यांना भेटून आला तेव्हा ती काउंटरमागे उभी होती.

"कशाला गेलास?"

"गावात राहायचंय आपल्याला. तूही सोड आता तो राग."

"मिस्त्रींचा हात बघ आणि मग सांग सोड म्हणून! काकांनी एकदा तरी विचारलं का, माणूस कसा आहे?"

"नाही, पण वयानं मोठे आहेत ते."

"मग मोठ्यासारखं वागायचं होतं!"

आवाज चढले. तेवढ्यात मागच्या खोलीतून वॉकरची ठकठक आली आणि आई दारात उभी राहिली, घामाघूम, गुडघ्यांना शिव्या घालत.

"भांडणं आत येऊन करा दोघं," ती म्हणाली. "पायरीवर गिऱ्हाईक उभं आहे कधीचं."