जेटमधला उजेड

आमची जुनी मोटरसायकल चढावर दम सोडते. मग मी उतरून चालत चढते आणि हे वर जाऊन थांबतात.

आज ह्यांनी अंगणात कार्बोरेटर खोलला. त्यातला पेट्रोल सोडणारा, बारीक भोकाचा पितळी जेट फुंकला आणि एक डोळा मिटून उजेडाला धरला. म्हणाले, "कणभर कचरा होता. आता नाही चढली, तर विकूनच टाकतो."

घरात सगळ्यांसमोर मी ह्यांच्या शेजारी बसत नाही. गाडीवरच काय तो ह्यांच्या खांद्यावर हात ठेवते. एवढ्याशा भोकातल्या उजेडावर माणसाचं किती सुख असतं!

संध्याकाळी दोघं गाडीवरून जाताना चढ आला. सवयीने मी उतरायला लागले.

"बस की गं, पेलेल तिला तुझं वजन!"

गाडी सरळ वर गेली. पुढे सपाट रस्ता लागला, तरी मी हात काढला नाही.