माझ्या नावाचा बिल्ला

लग्नानंतर चौदा वर्षं मी घरी बसून पदकं ओवत होते. भाईंदर पूर्वेला आमच्या चाळीतल्या निम्म्या बायका हेच काम करायच्या. नकली दागिन्यांचा माल पिशव्यांतून यायचा. मणी वेगळे, तार वेगळी आणि हाराच्या मधोमध लटकवायची गोल चकती वेगळी. माल देणारा शेठ तिला पेंडल म्हणायचा. माझ्या सासूबाई रत्नागिरीकडच्या, त्या पदक म्हणायच्या आणि मलाही तोच शब्द बरा वाटायचा. मग मुलगी शाळेत कबड्डी खेळायला लागली. एक दिवस गळ्यात तसंच काहीतरी घालून ती दारातूनच ओरडली, "आई, मेडल!"

सासूबाईंनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "पदकच की गं. तुझ्या आईने आज शंभर ओवली."

मुलीचा चेहरा पडला. तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, "मी ओवते ती विकायला जातात. हे तिने मिळवलंय." चाळीतल्या सगळ्यांना दिसेल अशा खिळ्याला ते आम्ही टांगलं.

माझे मिस्टर रिक्षा चालवायचे. त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशावर धातूचा बिल्ला असायचा, त्यावर नंबर. शर्ट भिजवण्याआधी तो काढून ठेवायचा एवढाच माझा त्याच्याशी संबंध.

एका दुपारी त्यांचा फोन आला. "काशीगावच्या सिग्नलपाशी आहे. मला न्यायला ये."

रिक्षावाल्याला न्यायला जायचं म्हणजे काय, मला कळेना. बस पकडून गेले तर ते कडेला लावलेल्या रिक्षात मागच्या सीटवर बसले होते, पॅसेंजरसारखे. डाव्या बाजूने आलेली मोटारसायकल त्यांना दिसलीच नव्हती. कुणाला लागलं नव्हतं, मोटारसायकलवाला शिव्या देऊन निघून गेला होता. पण ते म्हणाले, "गेले कित्येक महिने बाजूचं दिसत नाहीये मला. सांगितलं नाही तुला."

काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाने सांभाळायची. गाडी बंद. शेजाऱ्याने रिक्षा चाळीपाशी आणून लावली, आम्ही तिच्यावर ताडपत्री टाकली. मिस्टर दिवसभर खिडकीत बसायचे, ताडपत्रीकडे तोंड करून. दोघातिघांनी चालवायला मागितली. तिसरा माणूस चहा पिऊन गेला, तेव्हा मी कप उचलता उचलता म्हटलं, "कुणाला द्यायची नाही. मी चालवते."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "गिअर डाव्या मुठीत असतो. माहितीये ना?"

पश्चिमेला मिठागरांच्या बाजूला मोकळी जागा आहे. शेजारी आम्हाला तिथवर रिक्षा काढून द्यायचा आणि कामाला जायचा. मग मी पुढे आणि मिस्टर मागे. त्यांना रस्ता नीट दिसायचा नाही, पण कान शाबूत होते. "दुसरा टाक. इंजिन रडतंय, ऐकू येत नाही?" "क्लच सोडलास का फेकलास?" मी चिडायचे, ते चिडायचे, आणि दुसऱ्या दिवशी सहाला आम्ही परत हजर. परतताना रिक्षा मीच हळूहळू घरी आणायचे. एकदा वाटेत स्टँडवर कुणीतरी हसून म्हणालं, "भाभी, क्यों तकलीफ उठाती हो?" मी गाडी पुढे काढली. माझं सगळं लक्ष डाव्या मुठीकडे होतं.

लायसन्सच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले. आठचा आकडा काढताना दुसऱ्या वळणावर गाडी बंद पडली. साहेब कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "पुढच्या वेळी या." घरी येऊन मी जेवले नाही. पण संध्याकाळी मुलीला सोबत घेऊन मैदानात चुन्याने आठ काढला आणि पुढचे तीन आठवडे त्याच्यावरूनच फिरत राहिले. दुसऱ्या वेळी पास झाले.

मग बॅजचा, म्हणजे बिल्ल्याचा अर्ज. आरटीओच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "मिस्टरांचा फॉर्म ना? त्यांना स्वतःला यावं लागेल."

"फॉर्म माझा आहे."

त्याने फोटो पाहिला, मग मला पाहिलं. "बसा. मराठी वाचून दाखवावं लागेल."

बाकड्यावर माझ्या शेजारी उत्तरेकडचा एक पन्नाशीचा माणूस होता. हातात मराठी उताऱ्यांची झेरॉक्स, बोट एका ओळीवर अडकलेलं. त्याने विचारलं, "दीदी, ये पदक मतलब?"

"मेडल. खेल में जीतते हैं, वो."

त्याने बाजूला पेन्सिलने लिहून घेतलं. मी म्हटलं, "और गले के हार में बीच में जो लटकता है, उसको भी पदक बोलते हैं."

"और अपना बिल्ला? वो भी पदक?"

"नहीं, बिल्ले को बिल्लाच बोलते हैं."

त्याने पेन्सिल कानामागे खोचली. "हमारे लिए तो वही मेडल है. तीसरी बार आया हूँ."

मला हसू आलं नाही. चौदा वर्षांत माझ्या हातांतून हजारो पदकं गेली होती आणि त्यांतल्या एकावरही माझं नाव नव्हतं. त्याला आत बोलावलं तेव्हा मी दाराकडे कान लावून बसले. तो उतारा अडखळत वाचत होता, पण पदक हा शब्द त्याने असा ठणकावून म्हटला, की बाहेरच्या रांगेतले सगळे दाराकडे बघायला लागले. बाहेर येताना त्याने मला हात जोडले.

बिल्ला हातात आला त्या दिवशी मिस्टरांनी तो डोळ्यांजवळ नेऊन नंबर वाचला, मग अंगठ्याने परत वाचला. म्हणाले, "हरवला तर तक्रार द्यायला चौकीत जावं लागतं. सांभाळ." एवढंच. पण खाकी शर्टाला तो त्यांनीच लावून दिला, आणि पिन दोनदा ओढून पाहिली.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. पश्चिमेच्या बाजारापाशी उत्तनची एक म्हातारी कोळीण रिकाम्या टोपल्या घेऊन उभी होती. दोन रिक्षा तिला नाही म्हणून गेल्या. माझ्याजवळ येऊन तीच आधी म्हणाली, "टोपल्या रिकाम्या हायत, पन वास हाय. न्हेशील?"

"बसा मावशी."

उत्तनच्या वाटेवर डोंगरी गावापुढच्या चढावर गाडी बंद पडली. मागे बस, तिचा हॉर्न थांबेना. रिक्षा इंचभर मागे घसरली. मी ब्रेकवर सगळं वजन टाकलं, इंजिन परत सुरू केलं, पहिला गिअर टाकला आणि कान इंजिनाकडे लावले. आवाज जडावला, तसा क्लच हळूहळू सोडला. गाडी हलली आणि चढाच्या माथ्यापर्यंत थांबली नाही.

आरशात पाहिलं तर म्हातारीने गळ्यातल्या साखळीतलं काहीतरी मुठीत घट्ट धरलं होतं.

"भ्यायलीस न्हाय?" तिने विचारलं.

"भ्यायले की."

"मी पन." तिने मूठ उघडली. साखळीत झिजून गुळगुळीत झालेलं मेडल होतं, मेरीमातेचं. "नवरा बोटीवर जायचा तवा हेच धरून बसायची." मग ती पुढे वाकली आणि माझ्या खिशावरच्या बिल्ल्यावर बोट ठेवून म्हणाली, "आन तुजा हा कंच्या देवाचा?"

"आरटीओचा."

ती इतकी हसली, की एक टोपली पायाशी पडली. उतरल्यावर तिने टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि विचारलं, "उद्या याच टायमाला येशील?"

दुसऱ्या दिवशी मी गेले तर ती आणखी दोघींना घेऊन उभी होती. आता त्या तिघी माझ्या नेहमीच्या गिऱ्हाईक आहेत. त्यांना सोडून आल्यावर रिक्षा धुवायला दोन बादल्या पाणी लागतं. मुलगी पाणी आणते, आणि मिस्टर बाजूला उभे राहून इंजिन सुरू करायला सांगतात. दिवसभर मी कुठे चुकले, ते त्यांना अजूनही आवाजावरून कळतं.