खिशाला टाचलेली बाही

टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलचा सामना लागला की आमचा जावई सोफ्यावर उडी मारून ओरडतो, "ब्लिट्झ! ब्लिट्झ!" मी म्हणतो, बाबा रे, ओरडू नकोस. तुला जे दिसलं ते चेंडू फेकणाऱ्यालाही दिसलंय. आणि त्याला दिसलं की संपलं. पण म्हाताऱ्याचं ऐकतो कोण!

आमच्या केटल रन या खाणीच्या गावात ब्लिट्झला धाड म्हणायचे. मिट्रोकाकाचाच शब्द तो. मिट्रो कोस्टेलनिक. आमच्या शाळेच्या तळघरात बॉयलरला कोळसा घालायचा आणि शनिवारी दुपारी मैदानाच्या कडेला उभा राहून आमचा बचाव सांभाळायचा. पगार कोळशाचा, बचाव फुकट. शाळेच्या मैदानाला दिवे नव्हते, म्हणून सगळे सामने शनिवारी दोन वाजता. आसपासच्या गावांत शुक्रवारी संध्याकाळी झगमगाटात खेळ चालायचे, आणि आमच्याकडे उन्हात. त्यावरून ती गावं आम्हाला हसायची. हसू देत.

त्याआधी तो खाणीच्या तोंडाशी पिंजऱ्याच्या यंत्रावर होता. माणसं पिंजऱ्यात शिरायची, हा वरून दांडा ओढायचा आणि पिंजरा खाली जायचा. दांड्याला हात घालण्याआधी तो दर वेळी क्रुसाची खूण करायचा. कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा खांदा. आमच्या चर्चमध्ये उजवा आधी. एकदाच म्हणे घाईत राहून गेली होती. त्या दिवसाबद्दल तो कधी बोलला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. गावात कुणाला विचारायची गरजच नव्हती. दफनभूमीत सहा दगडांवर तीच तारीख होती.

धाडीचं गणित तो तळघरात बसवून शिकवायचा. भिंतीवर खडूनं रेघा, हातात होलुब्कीचा, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेल्या भात-खिम्याचा डबा, आणि आम्ही कोळशाच्या ढिगावर.

"नेहमी चौघं चेंडू फेकणाऱ्याच्या अंगावर जातात. आपण सहा सोडायचे. मग काय होईल?"

"गांगरेल," आम्ही म्हणायचो.

"गांगरेल, जर त्याला आधी कळलं नाही तर! युर्को, तुझ्या टाचा उचललेल्या दिसल्या की त्याला कळतं. ज्या फटीतून घुसायचंय तिथं डोळे लावून बसलास की कळतं. तू जावयासारखा निवांत उभा राहायचं." सगळे माझ्याकडे बघून हसायचे. "आणि पोचायचं कधी? 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणून होईस्तोवर त्याच्या छातीवर. 'तुझं राज्य येवो'पर्यंत गेलात, तर चेंडू गेला, राज्य त्याचं आलं."

मग डबा खाली ठेवून बोट वर करायचा. "आणि सगळ्यात महत्त्वाचं. सहा गेले की मागं मोकळं रान. तिथं जो एकटा थांबतो, त्याच्या जिवावर धाड असते. पोरी नाचतात जाणाऱ्यांबरोबर. सामना राखतो तो थांबणारा."

मला हे अजिबात पटायचं नाही. मी मधल्या फळीचा मधला गडी. काकाच्या खुणा मैदानात मीच पोचवायचो आणि धाडीत सगळ्यात पुढे मीच. थांबायचं काम भित्र्यांचं, असं माझं मत. सतरा वर्षांचा होतो, अक्कल तेवढीच.

आमच्या धाडी सगळीकडे चालायच्या, एका पार्नेलशिवाय. पार्नेल म्हणजे नदीपलीकडचं गाव, आमच्यासारखंच खाणीचं, आमच्याच चर्चचं. लागोपाठ दोन वर्षं आम्ही धाड घातली की त्यांचा चेंडू फेकणारा तो लांबट्या रोमान पटकन आरोळी ठोकून डाव बदलायचा आणि आम्ही सोडलेल्या जागेत अलगद चेंडू टाकायचा. जणू आम्ही त्याला आदल्या रात्री चिठ्ठी पाठवली होती.

१९६३ साली पार्नेलच्या सामन्याआधी नवे मुख्य प्रशिक्षक लँगडन यांनी सगळ्यांना बोलावलं. कॉलेजात शिकलेला माणूस, शर्टाला कायम इस्त्री. म्हणाले, "कुणीतरी आपली धाड आधीच दाखवतंय. कोस्टेलनिक, कोण ते तुम्ही शोधा. या वेळीही असंच झालं, तर तुम्ही आपला बॉयलर सांभाळा. बचाव मी बघेन."

काकाचं तोंड उतरलं. बॉयलरवर तो पोटासाठी होता, जगायचा त्या शनिवारच्या दोन तासांसाठी. त्याला मूलबाळ नव्हतं. आम्हीच होतो. आणि तो सगळ्यांदेखत माझ्याकडे वळला.

"युर्को, तुझ्याच टाचा असणार."

मला असा संताप आला! अरे, जिवाचं रान करायचं आम्ही आणि वर हे ऐकायचं? मी तडक प्रोजेक्टर उचलला, चर्चच्या तळघरात नेला आणि गेल्या वर्षीच्या पार्नेलच्या सामन्याची फिल्म लावली. शेजारी बायका विक्रीसाठी पिरोही, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या करंज्या लाटत होत्या. काकाची बायको हाफियाकाकू पिठाच्या हातानंच येऊन बघायला लागली. मी माझ्याच टाचा बघत होतो. पहिली धाड, टाचा जमिनीवर. दुसरी, जमिनीवर. मागे फिरवून पुन्हा बघितलं. गाढवासारखा निवांत उभा होतो मी!

मग दिसलं की रोमान आमच्याकडे बघतच नव्हता. तो आमच्या डोक्यांवरून पलीकडे बघत होता. तिकडे काय होतं? आमचा बाक. आणि बाकापुढे बोटभर दिसणारा मिट्रोकाका. टोपीला हात. टोपीला तर तो दर डावाला हात लावायचा, खऱ्या-खोट्या खुणा मिसळून, त्यातून कुणाला काय कळणार? पण त्यानंतर कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा खांदा.

नऊ धाडी होत्या. नऊ वेळा क्रुसाची खूण. धाड नव्हती तेव्हा एकदाही नाही.

"अगं बाई," हाफियाकाकू म्हणाली.

आमच्यातल्या एकालाही दोन वर्षांत हे दिसलं नव्हतं. दिसणार कसं? काका खूण करतो हे आम्हाला काकाच्या नाकाइतकं ओळखीचं. नाकाकडे कोण लक्ष देतं? दुसऱ्या गावानं आणि दुसऱ्या चर्चच्या माणसानंही ते सोडून दिलं असतं. पार्नेलवाल्यांना मात्र पक्कं ठाऊक होतं, पिंजरा सोडणारा माणूस खूण कधी करतो ते.

काकाला सांगायला माझी जीभ उचलेना. काकूनंच सांगितलं, त्यांच्या घरी जेवताना. त्यानं चमचा खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्यावर आळ घेतला रे पोरा. चुकलो मी." त्यानं रागवायला हवं होतं, म्हणजे मला बरं वाटलं असतं.

लँगडनसाहेब मात्र खूश! "वा, मग सोपं आहे. शनिवारी धाड नसताना खूण करा. ते फसतील, चेंडू आपल्या हातात."

"खोटी खूण?" काका म्हणाला. "नाही जमणार."

"टोपीला खोटा हात लावता ना दिवसभर? मग छातीला लावायला काय होतं?"

"टोपी माझी आहे, साहेब."

साहेबांनी शर्टाची कॉलर नीट केली. "मग खूण करू तरी नका. आणि हरलात तर काय ठरलंय ते लक्षात आहे ना?"

न करणं हे त्याला खोटी करण्याइतकंच जड होतं. पोरांना बेफाम पळत मरायला सोडायचं आणि वर देवाचं नावही घ्यायचं नाही! हात आपोआप वर जाणार, हे त्यालाही ठाऊक होतं. शेवटी हाफियाकाकूनं शनिवारी सकाळी त्याच्या कोटाची उजवी बाही, हात खिशात घालायला लावून, खिशालाच टाचून दिली, दुहेरी दोऱ्यानं, मोठे मोठे टाके घालून. "आता बघू कसा वर जातो ते," ती म्हणाली. डाव्या हातानं टोपीच्या खुणा करायच्या, उजवा हात कैदेत.

सामना सुरू झाला. पहिली धाड घातली तेव्हा रोमान आमच्या डोक्यावरून काकाकडे बघतच राहिला. 'स्वर्गातील पित्या'च्या आत मी त्याच्या छातीवर होतो. दुसरी, तिसरी, तसंच. गाव वेडं झालं. मी उठून बाकाकडे बघितलं, शाबासकी मिळेल म्हणून. काका पांढराफटक. थंडीत कपाळावरून घाम ओघळत होता आणि कोटाच्या खिशात मूठ वळवळत होती.

सामन्याच्या शेवटच्या पाव भागात आम्ही तेरा-सात पुढे होतो. तेव्हा पाचव्या धाडीत माझा गुडघा गेला. आवाज मला स्वतःला ऐकू आला. मला कडेला आणून निजवलं, तेव्हा काका वर वाकून सारखं एकच म्हणत होता, "मी खूण केली नव्हती. मी खूण केली नव्हती रे."

"काका, गुडघा आहे. देवाचा काय संबंध? आवळून बांध आणि आत सोड. तुझ्या खुणा दुसऱ्या कुणाला वाचता येत नाहीत."

"पळता येईल?"

"नाही."

"मग थांबशील?"

भित्र्यांचं काम. मी मान हलवली.

पार्नेल आमच्या शेवटच्या रेषेपासून बारा यार्डांवर, ती ओलांडली तर सामना त्यांच्या हातात, आणि शेवटचा एकच डाव उरलेला. सगळं गाव ओरडत होतं, "धाड! धाड!" लँगडनसाहेब काकाच्या कानात ओरडत होते, "सोडा सगळ्यांना!" मी एका पायावर भार देऊन काकाकडे बघितलं. त्यानं डाव्या हातानं टोपी खाली ओढली. म्हणजे थांबा. कुणीही जायचं नाही.

मी पोरांना सांगितलं. पुन्हा वळून बघतो तर काका माझ्याकडेच बघत होता, माझ्या गुडघ्याकडे. टर्रकन फाटल्याचं मी ऐकलं म्हणतो, पण चाळीस यार्डांवरून ते ऐकू कसं येईल? पण दिसलं मात्र. खिसा लोंबत होता आणि हात वर आला होता. कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा खांदा.

रोमानचे दात दिसले. हसला लेकाचा! मोठ्यानं आरोळी ठोकून त्यानं डाव बदलला, चेंडू घेतला आणि धाड असती तर मी जी सोडून गेलो असतो, त्याच जागेवर न बघता फेकला. मी तिथंच होतो. जाणार कुठं? चेंडू छातीवर आदळला, मी त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि जमिनीवर पडलो.

लँगडनसाहेब काकाला मिठ्या मारत होते. "केलीत ना शेवटी! म्हटलं नव्हतं मी?" काका फाटक्या खिशाकडे बघत उभा होता. "मी फसवायला नव्हती केली," तो म्हणाला. कुणीच ऐकलं नाही. रविवारी तो पापकबुलीला गेला. फादर म्हणाले म्हणे, "मिट्रो, ते पाप असेल तर अर्धं माझं. मी बाकावर उभा राहून शिट्टी मारली."

काकाची जागा राहिली. किती काळ? एक वर्ष. मग सरकारनं आमची शाळा पार्नेलच्या शाळेत मिसळून टाकली. तिथं बॉयलर तेलावरचा आणि प्रशिक्षक सगळे पगारी. खाणही बंद झाली. आम्ही एकेक करून निघालो, मी डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात, बाकीचे क्लीव्हलंडला, कुणी कुठं. बसथांब्यावर सोडायला काका यायचा. मी त्याला दोन-चार नाताळांना पत्र लिहिलं आणि मग तेही राहिलं. खोटं कशाला बोलू? राहिलं.

तो वारल्याचं कळलं तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. गाडी काढून गेलो. गल्लीत त्यांचंच एक घर राहतं उरलं होतं. दफनानंतर हाफियाकाकूनं स्वयंपाकघरात बसवलं, समोर होलुब्की वाढल्या आणि म्हणाली, "दर शनिवारी दोन वाजता या खिडकीत उभा राहायचा. एकेकाचं नाव घ्यायचा आणि खूण करायचा. तुझं नाव पहिलं. तीस वर्षं."

"कशासाठी गं काकू?"

"मीही विचारायची, आता कसली धाड आलीये, मिट्रो? तर म्हणायचा, पोरं सगळी एकदम पुढं गेलीत. मागं कुणीतरी थांबायला नको?"

दाराच्या खुंटीवर तो कोट होता. खिसा तसाच, एका कोपऱ्यावर लोंबता.

"हा शिवला नाहीस?"

"हजारदा सुई घेतली हातात. शिवू देईना," ती म्हणाली. "म्हणायचा, हात अडकेल."

मग मला रडू आवरेना. ती उठली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि ताटात आणखी दोन होलुब्की वाढल्या.