पलंग खाली आणा

आक्केचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पलंग खाली आणा." बाईला आठवा लागला की ती घर बघायला जायची. पाळणा, दुपटी, नवीन रंगवलेल्या भिंती, कशाकडे ढुंकून बघायची नाही. बूट काढायची, नुसत्या मोज्यांवर जिना चढायची, उतरायची, पायऱ्या मोजायची आणि खाली येऊन हे वाक्य टाकायची. हॉलंडच्या उत्तर टोकाला, आमच्या फ्रीसलंडमधले जिने म्हणजे शिडीला कठडा ठोकलाय, बस. वरच्या खोलीत काही बिनसलं तर अँब्युलन्सवाले खालून वर बघतात आणि हात टेकतात. मग अग्निशामक दल बोलवा, बाईला खिडकीतून काढा. आक्केने हे दोनदा पाहिलं होतं आणि तिसऱ्यांदा बघायची तिची तयारी नव्हती.

मी डाउत्सन. सुईण ती, मदतनीस मी, अशी आमची एकोणीस वर्षांची जोडी. बाळंतपणात तिच्या हाताशी राहायचं, नंतर आठ दिवस त्या घरी जाऊन बाळ-बाळंतिणीचं करायचं, संडास घासायचे, आणि बाळ बघायला येणाऱ्यांना रिवाजाप्रमाणे लोणी लावलेल्या टोस्टवर बडीशेपेच्या गोळ्या पेरून द्यायच्या. त्या गोळ्या मी आजवर किती पोती पेरल्या असतील देव जाणे. मला आता त्यांचा वाससुद्धा नको वाटतो.

आक्के त्रेसष्टची. "अजून एक वर्ष करते," असं ती चार वर्षं म्हणत होती, कारण नवीन शिकून आलेल्या पोरी आमच्या या वाऱ्याच्या टोकाला यायला तयार नव्हत्या. दुसरी सुईण एकच, तीही समुद्राकडच्या गावांत गुंतलेली. हॉस्पिटल गाडीने पाऊण तास लांब. आक्केचे गुडघे कामातून गेले होते. दोन घरांच्या मधे कुठेतरी कालव्याच्या कडेला गाडी लावून, दहा मिनिटांचा गजर लावून ती स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपायची. मी कितीदा काच वाजवून उठवलंय तिला.

नीन्के शाळेत शिकवणारी, हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिलं हॉस्पिटलात झालं होतं. बाळ चांगलं झालं, पण तेवढ्या वेळात तिथल्या नर्सांची कामाची पाळी तीनदा बदलली आणि येणारी प्रत्येक जण विचारायची, "सहा नंबर कशी आहे?" आक्केला तिने पहिल्याच भेटीत सांगितलं, "मला या वेळी माझं नाव माहीत असलेलं माणूस हवंय. बाकी काही नको. मला घरीच करायचंय."

"घरीच करू," आक्के म्हणाली, "पण पलंग खाली आणा."

नवऱ्याने, येल्मरने, मान डोलावली. पण खालच्या खोलीची खिडकी ही एवढी मोठी, थेट रस्त्यावर. आणि दिवसा पडदे ओढलेलं घर म्हणजे आमच्याकडे एक तर कोणीतरी गेलं, नाहीतर काहीतरी लपवलं. पडदे ओढायचे नाहीत, आणि गावासमोर कळाही द्यायच्या नाहीत, म्हणून या शहाण्यांनी पलंग वरच ठेवला. त्याच्याखाली बिअरचे आठ क्रेट घालून उंच केला, म्हणजे सुईणीला वाकायला नको! चौदा पायऱ्या चढायला लावायच्या आणि वाकायची काळजी घ्यायची. काय बोलायचं आता.

फेब्रुवारीतल्या मंगळवारी सकाळी दहाला येल्मरचा फोन आला. आक्के सलग दोन बाळंतपणं उरकून आलेली, तीस तास पाठ टेकलेली नव्हती. जिन्याखाली उभी राहून तिने वर बघितलं.

"खाली आणा म्हटलं होतं ना रे?"

"हो, पण पडदे..." येल्मर पुटपुटला.

"पडदे गेले चुलीत," असं म्हणून ती चढली. मी मागून चक्क ढकलत होते तिला.

वर सगळं ठीक चाललं होतं. पाणी गेलं, स्वच्छ होतं. मीच पुसलं ते. कळा नीट येत होत्या, निम्मी वाट सरली होती. आक्के आपली लाकडी नळी पोटाला लावून, डोळे मिटून, ओठ हलवत ठोके मोजत होती. मधेच ओठ थांबले. तिने घड्याळाकडे बघितलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा थांबले. एकोणीस वर्षांत असं झालेलं मी पाहिलं नव्हतं. 

तिने पिशवीतून यंत्र काढून लावलं. आकडा अगदी छान आला. तरी ती उठून बाहेर जिन्याच्या तोंडाशी आली, मीही गेले.

"हिला हॉस्पिटलात न्यायचं," ती म्हणाली.

"अगं पण बाळ उत्तम आहे!"

"बाळ आहे. मी नाही. आकडा यंत्र सांगेल, पण घाबरायचं कधी ते मलाच कळायला हवं ना? आज मला नाही कळणार."

मी आवाज खाली आणला. "मग पाणी हिरवं आहे, बाळाला धोका आहे म्हणून सांग. कोण विचारतंय? एका शब्दात विषय मिटेल. तू थकलीस म्हणालीस तर ती जन्मात माफ करणार नाही."

"नाही," ती म्हणाली आणि आत गेली. पलंगाचा कठडा धरून तिने सरळ सांगून टाकलं, "नीन्के, तुझं सगळं व्यवस्थित आहे. मी दोनदा मोजताना चुकले. माझ्या हाती आज तुला ठेवणं बरोबर नाही. आपण निघू या."

नीन्के आधी हसली, मग रडली, मग ओरडली. "तुम्ही कबूल केलं होतं! परत सहा नंबर करताय मला?" येल्मरने तर आक्केला बाहेर व्हा म्हटलं. आक्केने हॉस्पिटलला फोन लावला आणि त्याला गाडी दारात आणायला सांगितली. मग त्या चौदा पायऱ्या नीन्के बसून उतरली, एकेक. आक्के तिच्या पुढे उलटी उतरत होती, गुडघे करकरत होते, आणि कळ आली की दोघी तिथेच थांबत होत्या.

हॉस्पिटलात आक्केला काही अधिकार नव्हता. ती खुर्ची ओढून पलंगाशी बसली. मला वाटलं, आता ही झोपणार. झोपली नाही. तीनला पाळी बदलली, नवीन बाई आली, तशी आक्के म्हणाली, "ही नीन्के." डॉक्टर आले. "ही नीन्के." जेवणाचं ताट घेऊन आलेल्या पोरालासुद्धा सांगितलं. नीन्केने तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. पावणेपाचला मुलगी झाली, कसलाही त्रास न होता, आणि तिथली बाई हसत म्हणाली, "ही तर घरीसुद्धा झाली असती की!"

"हो," आक्के म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून माझे आठ दिवस सुरू झाले. आक्के तपासायला यायची, चौदा पायऱ्या चढायची, मी मागून ढकलायचे. नीन्के विचारलं तेवढंच बोलायची. पाचव्या दिवशी आक्केने बूट काढले, जिन्याचा कठडा धरला आणि श्वास घेत उभी राहिली.

"इकडे आहे मी," बाहेरच्या खोलीतून नीन्केची हाक आली.

पलंग खाली होता, बिअरच्या क्रेटांसकट, थेट खिडकीला लागून. पडदे सताड उघडे. सायकलवरून जाणारी प्रत्येक बाई मान वळवून बघत होती आणि नीन्के झोपायच्या झग्यात, बाळाला पाजत, त्यांना हात करत होती.

"आता सुचलं होय?" आक्के म्हणाली.

"काल येल्मरला आणायला लावला. तुमचे गुडघे वरपर्यंत ऐकू येतात. राग गेलेला नाहीये हं माझा."

"नसू दे."

"मग एक सांगा. खोटं का नाही बोललात? बाळाला धोका आहे म्हणाला असता तर मी निमूट गेले असते."

मी टोस्टचं ताट हातात घेऊन दारातच थांबले. आक्के पलंगाच्या कडेला टेकली. "मग जन्मभर म्हणत बसली असतीस, माझ्याच अंगात काहीतरी खोट होती. नव्हती गं. तुझं अंग अगदी चांगलं होतं. थकले होते मी."

नीन्केने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. मग तिने मनगट पुढे केलं. "घ्या. नाडी बघायची राहिलीय."

आक्केने मनगट धरलं, नजर घड्याळावर लावली आणि मोजू लागली, या वेळी मोठ्याने. तीसच्या आसपास नीन्केचाही आवाज त्यात मिसळला, शाळेत पोरांकडून पाढे म्हणून घेतात तसा. शहात्तरला दोघी थांबल्या आणि आक्केने आकडा लिहून घेतला.