पायरीवरचं कुंकू

ट्रॅक्टर मालकांचा, मी त्यावर ड्रायव्हर. पण खंडेनवमीची त्याची पूजा आमची ही करायची. आपली चूल ह्याच्यावर पेटते, म्हणायची. त्या वर्षी तिनं हार घातला, चाकांना हळदीकुंकू लावलं आणि घराच्या उंबऱ्याला लावतात तसं चढायच्या पायरीलाही कुंकू लावलं. चाकांखाली लिंबं ठेवली.

लिंबं चिरडायला गाडी पुढं घ्यायची होती. ओल्या कुंकवावर पाय कसा द्यायचा? मी मागून, ट्रॉलीच्या हुकावर पाय ठेवून चढलो. लिंबं चिरडली, गाडी बंद केली आणि पायरी टाळून अनवाणी उडी मारली. उंची किती, तर कंबरेएवढी. खाली खडक होता. डाव्या टाचेचा चुरा झाला.

उमरग्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "झाडावरून पडलात का?" उभ्या ट्रॅक्टरवरून, म्हटल्यावर शेजारचा पेशंटसुद्धा हसला. विहिरीत पडलो असतो तर चार माणसं हळहळली तरी असती. पारावरचे शहाणे अजून विचारतात, "एवढ्याशा उडीनं कुठं पाय मोडतो व्हय?" मोडतो. माझा मोडला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

हाड जुळलं, पण वाकडं. क्लच डाव्या पायानं दाबावा लागतो आणि दाबला की कळ पार मस्तकात जाते. "बरं झाल्यावर या, गाडी तुमचीच हाय," मालक म्हणाले होते. रोज सकाळी मी भिंतीला टाच रेटून बघायचो. आता बघत नाही. हा पाय बरा होणार नाही आणि गाडी चालवण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. दिवसभर बाजेवर पडून असतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज नकोसा वाटतो.

यंदा पूजा मालकिणीनं केली. त्या वर्षी हिनं लावलेलं बघितलं होतं म्हणून पायरीलाही कुंकू लावलं. मी काठी टेकून उभा होतो, ही शेजारी. नवा ड्रायव्हर चपलेसकट त्याच पायरीवर पाय देऊन चढला, लिंबं चिरडली आणि तसाच आरामात उतरला. मालकिणीनं त्याच्या हातावर पेढा ठेवला.

आम्ही घरी आलो. दारात माझी काठी धरून ही म्हणाली, "तुमी बी द्यायचा की पाय. म्या कुंकू परत लावलं असतं."