सहा सिलिंडरची भूक

सकाळी दार उघडलं की अंगणातल्या कडुलिंबाखाली ती उभी असे. लांब नाकाची, रुंद खांद्यांची, मूळची गडद हिरवी, पण रातोरात करडी झालेली... आणि दात घासता घासता मी तिच्या बॉनेटवरच्या राखेत बोटानं माझं नाव लिहीत असे. ऊर्जानगरात राख पडे. वीजकेंद्राच्या उंच चिमण्यांमधून ती नकळत येई आणि वाळत घातलेल्या चादरींवर, कुरड्यांवर, जास्वंदीच्या पानांवर हलकेच उतरे. आई माठाच्या तोंडाला मलमल बांधी, दुधाच्या पातेल्यावर ओलं फडकं टाकी, रेडिओलासुद्धा तिनं टोपडं शिवलं होतं. जगात सगळीकडे असंच असतं, अशी माझी नऊ वर्षांची पक्की समजूत होती.

बाबा त्या केंद्रात टर्बाइनचे फिटर. खाणीतल्या कुण्या साहेबाची ही जुनी, सहा सिलिंडरची विलायती गाडी या माणसानं काय म्हणून घेतली, हे कॉलनीला कधीच कळलं नाही. मला मात्र कळलं होतं. बाबांची थोरली बहीण, माझी सुमनआत्या, एटापल्लीच्या दवाखान्यात नर्स होती. एकटीच राहत होती. बस बदलत बदलत तिच्याकडे पोचेपर्यंत दिवस मावळे, आणि पावसाळ्यात एखादा नाला फुगला की तोही मार्ग बंद. वर्षातून दोनदा भेट झाली तरी पुष्कळ. गाडी आली आणि आम्ही दर महिन्याला जाऊ लागलो. माझ्या लेखी त्या गाडीचा अर्थ एवढाच होता — आत्या.

काय सांगू त्या प्रवासाचं सुख! उन्हानं तापलेल्या रेक्झिनचा, पेट्रोलचा आणि आईनं बांधून घेतलेल्या तिखट पुऱ्यांचा मिळून एक वास होई, तो आजही नाकात आहे. आष्टी मागे पडली की साग दाटत जाई, चैत्रात मोहफुलांचा गोड, जड गंध खिडकीतून आत येई, आणि आलापल्लीपुढे रस्ता असा अरुंद होई की फांद्या टपावर बोटं फिरवून जात. त्या गाडीचं इंजिन ओरडत नसे. पोटभर जेवलेल्या माणसासारखं संथ घुमत असे. दवाखान्यामागच्या खोलीसमोर ते घुमणं थांबण्याआधीच आत्या पदराला हात पुसत बाहेर आलेली असे, आणि मग चारोळ्या, जवसाची चटणी, तिच्या रुग्णांच्या गोष्टी... माझी वेणी ती इतकी घट्ट घाली की भुवया वर चढत. ती वेणी मी ऊर्जानगरला परत आल्यावरही दोन दिवस सोडू देत नसे.

पहिले सहा महिने गाडीनं लिटरला सात किलोमीटर दिले. एवढ्या अवाढव्य देहाच्या मानानं तो संतांचा आहार म्हणायचा. दिवाळीनंतर मात्र तिची भूक वाढली. सहा, पाच, चार... धुराड्यातून काळा धूर येऊ लागला, चढावर दम लागू लागला. बाबा दर रविवारी बाह्या सरसावून बसत. प्लग काढले तर काजळीनं माखलेले. याचा अर्थ पेट्रोल जास्त जातंय. मग त्यांनी कार्ब्युरेटर खोलून धुतला, गळती शोधायला खाली वर्तमानपत्र अंथरलं, ब्रेक धरून राहतात का म्हणून एकेक चाक उचलून हातानं फिरवून पाहिलं. शेजारचे मेश्रामकाका चहाचा कप घेऊन कुंपणावर रेलत आणि दर आठवड्याला नवं निदान करत. कॉलनीत फुकटचे वैद्य फार. हत्ती पोसायला घेतला म्हटल्यावर तो काय लाह्या खाणार, असंही एकानं ऐकवलं. ज्या माणसाच्या कानाला टर्बाइनचं दुखणं दुरून कळे, त्याला दारातल्या गाडीचं कळेना, याचं मला फार वाईट वाटे.

आईचं मन गाडीवरून उडालं ते एप्रिलात. आलापल्लीच्या पंपावर पेट्रोल संपल्याची पाटी होती. आहे तेवढ्यात पोचू, असा बाबांचा हिशेब होता आणि तो चुकला. भर दुपारी, दुतर्फा जंगल, गाडी उभी. बाबा आल्या बसनं डबा घेऊन मागे आष्टीच्या पंपावर गेले आणि आम्ही दोघी तीन तास बसून राहिलो. सायकलवरून जाणाऱ्या एका माडिया गोंड आजोबांनी थांबून आमच्याकडे पाहिलं आणि टेंभरं, तेंदूची पिकलेली फळं, माझ्या ओंजळीत ओतली. मला ती सहलच वाटली. आईला नाही. त्या तीन तासांत ती एकदाही टेकून बसली नव्हती.

परतल्यावर तिनं शांतपणे सांगितलं, "हिले आता इका. पोरगी घेऊन मी पुन्हा जंगलात बसणार नाई."

"सुमनबाईकडे कसं जाचं मंग?" बाबांनी विचारलं.

"पहिले जात होतो तसं."

बल्लारपूरचे एक गृहस्थ रविवारी दुपारी गाडी न्यायला येणार, असं ठरलं. मी आठवडाभर जेवले नाही, असं आई सांगते. मला आठवतं ते एवढंच, की त्या आठवड्यात मी शाळेतून आले की गाडीतच बसून राहत असे.

रविवारी सकाळी बाबांनी शेवटचं माप घ्यायचं ठरवलं. टाकीची नळी सोडून त्यांनी एक लिटरच्या बाटलीत पेट्रोल भरलं, ती बॉनेटखाली तारेनं टांगली आणि तिथून नळी कार्ब्युरेटरला जोडली. बाटली संपेल तिथे गाडी थांबेल. आम्ही मोहर्लीच्या रस्त्याला लागलो. मी किलोमीटरचे दगड मोजत होते. साडेतीन किलोमीटर... एका वाळलेल्या पळसाशी तिनं दोन आचके दिले आणि थांबली. टाकीची नळी पुन्हा जोडून बाबांनी गाडी घरी आणली.

मग, घेणाऱ्याला सगळं स्वच्छ दिसावं म्हणून, ते एकेक भाग पुसू लागले. दिवाळीला बदललेला हवेचा फिल्टर काढून त्यांनी कौतुकानं आईसमोर धरला. "पाह्य, कसा ठेवला आहे. नवा वाटते."

आई तांदूळ निवडत होती. तिनं फिल्टरकडे पाहिलं आणि निवडणं थांबवलं. "माह्या पडद्यावर दोन दिवसांत राख बसते. हे पांढरं काऊन?"

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. ऊर्जानगरात पांढरा फिल्टर! म्हणजे राख त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. आणि राख पोचत नसेल तर...

"हवाच जाऊन नाई राह्यली," बाबा हळूच म्हणाले.

मला वाटलं, आता आपलं कौतुक होणार. मी पुढे होऊन ऐटीत सांगितलं, "राख जाईल कशी? मीच तर फडकं लावलं."

दोघांनी एकदम माझ्याकडे वळून पाहिलं. मग मी दाखवलं — पुढच्या जाळीच्या मागे, जिथे मोठ्या माणसाचा हात शिरत नाही, तिथे इंजिनाला हवा नेणाऱ्या एका जाड नळीचं तोंड होतं. दिवाळीच्या सफाईत आईनं घरातली सगळी तोंडं बांधली. एवढी मोठी गाडी, दिवसभर राखेत उभी, तिच्या नाकाला मात्र काही नाही. मला तिची दया आली होती. मी आईच्या जुन्या लुगड्याची चौपदरी घडी करून त्या तोंडावर बसवली होती आणि नाड्यानं करकचून बांधली होती. पुढे मी ते विसरूनही गेले. मी हात घालून ती घडी बाहेर काढली तेव्हा ती दगडासारखी घट्ट आणि काळपट झाली होती.

बाबा खाली मातीत बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कुंपणावर रेललेल्या मेश्रामकाकांचा चहा सांडला. आई हसली नाही. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "बाटली भरा."

या वेळी ती पुढे बसली आणि दगड तिनं मोजले. पळस आला, गेला. पाच... सहा... बाबांनी ओठ घट्ट मिटले होते, आणि खिडकीतून आत येणारा वारा मला तोंडानं प्यावासा वाटत होता. सातवा दगड ओलांडून गाडी थांबली. दुपारी बल्लारपूरचे गृहस्थ आले, तेव्हा बाबांनी तोंड उघडण्याआधी दारातून तीच म्हणाली, "भाऊ, चहा घेऊन जा. गाडी इकाची नाई."

पुढच्याच आठवड्यात आम्ही एटापल्लीला पोचलो. आईनं दारातच सगळी हकीकत सांगितली. आत्यानं मला जवळ ओढून विचारलं, "काऊन बांधलं होतं वं तिचं तोंड?"

"तिले खोकला होईल म्हणून," मी म्हटलं.

आत्या हसली नाही. तिनं मला मांडीवर घेतलं, आणि इतकी मोठी झाल्यावरही मी बराच वेळ तिथेच बसले. त्यानंतर नऊ वर्षं, पावसाळ्यात नाल्यांनी अडवलं ते सोडलं तर, आमचा एकही महिना चुकला नाही.

आज माझी स्वतःची लहानशी गाडी आहे. ती लिटरला वीस देते आणि देते तेवढे काचेखालच्या पट्टीवर लिहूनही दाखवते. एटापल्लीपर्यंत पेट्रोलची चिंता नाही, रस्ताही पुष्कळ रुंद झालाय. आत्याला जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या खोलीत दुसरी नर्स राहते. तरी चैत्रात एकदा मी बाबांना शेजारी बसवून तिकडे नेतेच. आलापल्लीपर्यंत ते भरभरून बोलतात, गाडीच्या आवाजाला नावं ठेवतात, मोहफुलांसाठी काच खाली करायला लावतात, आणि आम्ही दोघं खूप हसतो. पुढे झाडी दाटली की त्यांचं बोलणं कमी होत जातं.

"हळू चालव," गेल्या खेपेला ते म्हणाले. "तिथं आता आपली वाट कोण पाह्यते."

मी गाडीचा वेग कमी केला.