शंभरपैकी शहाण्णव

गल्लीतल्या सलूनवाल्यांना सगळे ‘रेडिओ’ म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती मुळीच नव्हती. कात्री एकवेळ थांबेल, तोंड नाही. त्यांच्या बायकोचं म्हणणं असं, की यांना काही सांगण्यापेक्षा खिडकी उघडून ओरडलेलं बरं.

एक विषय मात्र या रेडिओवर कधी लागत नसे. थोरल्या मुलाचे मार्क गिऱ्हाइकांना तोंडपाठ झाले होते, पण तिसरीतल्या धाकटीच्या अभ्यासाबद्दल चकार शब्द नाही. बिचारी वाचताना दर ओळीला अडायची. कोणी विचारलंच, तर रेडिओ घाईघाईने त्याच्या मानेवरून ब्रश फिरवत.

म्हणून यंदाचं प्रगतिपत्रक पाहून ते उडालेच. शाळेने नवीन नमुना काढला होता आणि त्यावर ठळक छापलं होतं: वाचन, ९६. खालच्या बारीक ओळी वाचायला सवड कोणाला! पत्रक आरशाला चिकटलं आणि आठवडाभर नुसत्या दाढीला आलेल्यालाही ‘‘शंभरपैकी शहाण्णव!’’ ऐकावं लागलं. दोघांना तर डोक्याची मालिश फुकट मिळाली. शाळा सुटली की धाकटी स्टुलावर पाय हलवत हे ऐकत बसायची. तिचा चेहरा इतका फुललेला त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

शनिवारी पालकसभेला रेडिओ इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. बाईंनी फळ्यावर मोठ्ठा शंभर लिहिला.

‘‘हे शंभर म्हणजे पैकीच्या पैकी नव्हेत बरं का. या वयाची मुलं साधारण जिथे असतात, तो हा मधला आकडा. कोणी एकशे दहावर असेल, कोणी नव्वदवर.’’

रेडिओंचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणजे पोर मधल्या आकड्याच्याही खालीच! गल्ली हसेल याचं त्यांना फारसं काही नव्हतं. फजितीची सवय जुनी होती. पण पोरीचं हसू आता आपल्याच हातांनी पुसावं लागणार होतं.

सभेनंतर ते बाईंपाशी गेले. ‘‘म्हणजे नापासच का हो?’’

‘‘छे! याच मोजणीने गेल्या वर्षी किती होते, बघा. एक्याऐंशी. वर्षभराचं सगळं नीट शिकलं तरी हा आकडा जागेवरच राहतो, कारण बाकीची मुलंही शिकतच असतात. ही पंधराने वर आली. अख्ख्या वर्गात इतकं कोणी वाढलं नाही. रोज मधल्या सुट्टीत माझ्यापाशी बसून वाचते, सांगितलं नाही का तिने?’’

नव्हतं सांगितलं.

घरी आल्यावर त्यांनी धाकटीला जवळ बसवलं. घसा तीनदा खाकरून म्हणाले, ‘‘अगं, ते शहाण्णव आहेत ना...’’

‘‘शंभरपैकी नाहीत. माहितीये मला. बाईंनी वर्गात सांगितलं होतं.’’

‘‘मग मला बोलली का नाहीस?’’

‘‘तुम्ही दुकानात माझं नाव घेत होतात ना, बाबा. म्हटलं, घेऊ देत थोडे दिवस.’’

रेडिओ गप्प झाले. बायको स्वयंपाकघरातून बघायला आली, यांना झालं तरी काय म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहिलंच गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं. रेडिओंनी धाकटीला स्टुलासकट पुढे ओढलं. ‘‘ऐका हो, माझी चूक झाली. ते शंभरपैकी नव्हतेच. पण वर्षात पंधरा वाढवलेत या पोरीने, आणि मला पत्ता नव्हता. बसा, नीट सांगतो.’’